पन्हळीला जाळी लावण्याआधी

सोनू,

परवा तुझा फोन झाला तेव्हा मी "घाई करू नकोस" एवढंच म्हटलं आणि तू समजूतदारपणे "बरं आजी" म्हणालीस, पण त्या बरं म्हणण्यात तुझा प्रश्न तसाच राहून गेला होता, तो मला ऐकू आला. म्हणून आज जरा लवकर उठून, घरातली मंडळी जागी व्हायच्या आत, हे सविस्तर लिहायला घेते आहे. पन्हळीवर एवढं लांब पत्र कशाला, असं जावईबापू म्हणतील तर म्हणू देत (प्रेमानेच म्हणतील, मला ठाऊक आहे). कोकणातल्या घराचं आयुष्य छपराच्या कडेला ठरतं हे त्यांनाही दोन पावसाळ्यांत पटेल.

जाळी विकायला आलेला तो मुलगा तुला म्हणाला की एकदा ही बसवली की पन्हळीकडे परत बघायला नको, आणि महिनाअखेरीच्या आत पैसे भरले तर सूट. पोटासाठी फिरतो बिचारा, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याचं पहिलं म्हणणं खरं नाही आणि दुसरं तुला विचार करायला वेळ मिळू नये म्हणून आहे. पन्हळीवरची कोणतीही जाळी, मग ती प्लास्टिकची असो की स्टीलची, साफसफाईचं काम कमी करते, संपवत नाही. चहाची गाळणी बघ ना, चोथा साचून तिचा तळ बुजला की चहा कपात न उतरता काठावरून ओघळतो. जाळीवर पानांचा थर बसला की पावसाचं पाणीही असंच पन्हळीत न शिरता वरून उडी मारतं आणि थेट तुझ्या जोत्यावर आपटतं. एवढं मनाशी धरलंस की निम्मी निवड आपोआप होते, कारण मग "कुठली जाळी कधीच साफ करावी लागत नाही" असं न विचारता "कुठली जाळी मला सहज काढता-घालता येईल" असं विचारशील.

आता पाणी किती येतं ते आधी बघ. तुमच्या घराच्या पुढच्या पाख्याची लांबी चाळीस फूट आणि रुंदी जमिनीवर मोजली तर वीस फूट, म्हणजे आठशे चौरस फूट, म्हणजे सुमारे ७४ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, हा हिशोब पाठच करून ठेव, फार उपयोगी पडतो. दापोली-गुहागरच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणजे त्या एकाच पाख्यावरून दोन लाख लिटर पाणी खाली येतं. पण पन्हळीला वर्षाचा हिशोब कळत नाही, तिला त्या क्षणाची सर पेलायची असते. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस तुला आठवत असेल, तू तेव्हा शाळेत होतीस. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. चोवीस तासांत वाटला तर तासाला चाळीसच्या आसपास येतो, पण असा वाटून पाऊस कधी पडतो का गं? मधूनच एखादा तास असा येतो की शंभराच्या हिशोबाने कोसळतो. तसा तासभर पडला तर तुझ्या त्या पाख्यावरून मिनिटाला सव्वाशे लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या आठ बादल्या, दर मिनिटाला पन्हळीत रिकाम्या होतात. हे पाणी जाळीच्या भोकांतून तितक्याच वेगाने आत गेलं पाहिजे. दुकानात दाखवताना तो मुलगा तांब्याने पाणी ओततो आणि ते सुंदर आत जातं. तांब्याने ओतलेलं पाणी काय, कशातूनही जाईल.

आणि त्याआधीही एक विचार कर, बाळा. सगळ्या घराला चहूबाजूंनी पन्हळ लागतेच असं नाही. आपल्या जुन्या घराच्या मागच्या बाजूला ती कधीच नव्हती. वळचण चांगली पुढे काढलेली होती, पागोळ्या खाली चिऱ्यांच्या चरात पडायच्या आणि पाणी चरातून पोफळीच्या बागेत जायचं. पुढच्या दाराशी, जिथे माणसं ये-जा करतात, तिथे मात्र पोफळीचं खोड उभं चिरून, गाभा कोरून केलेली पन्हळ माझ्या सासऱ्यांनी लावली होती आणि कुजली की नवी करायची. तुमच्या घरालाही मागे आणि गोठ्याच्या अंगाला पन्हळ नसली तर चालेल का, हे गवंड्याला विचार. पुढच्या दारावर, पाणी साठवायचंय त्या बाजूला, आणि दोन छपरं जिथे एकमेकांना मिळतात त्या खोबणीत ती हवीच. ती खोबण सगळ्यात लबाड जागा. दोन्ही पाख्यांचा पाचोळा तिथे येतो आणि घर गळायला सुरुवात बहुतेक तिथूनच होते. पैसे कमी असतील तर आधी तिथे खर्च कर.

आता मुख्य गोष्ट, जी तुला फोनवर नीट सांगता आली नाही. तुझ्या छपरावर काय पडतं हे कळल्याशिवाय जाळी घेऊ नकोस. शिडीवर चढून (एकटीने नाही, त्याबद्दल पुढे लिहिते) पन्हळीतला गाळ दोन-तीन ठिकाणचा ओंजळभर काढ, ओटीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर उन्हात वाळव आणि संध्याकाळी काडीने पसरून बघ. आंब्याची आणि फणसाची अख्खी पानं निराळी दिसतील; मोहराच्या वाळलेल्या काड्या असतील; चिंचेची बारीक पानं असतील, कारण रस्त्यापलीकडे चिंच आहे; कौलांचा चुरा, शेवाळाचे सुटलेले तुकडे, आणि खाली तळाला लाल माती. त्या मातीकडे नीट बघ. जवळ चिरेखाण आहे ना, दिवसभर डंपर जातात, ती धूळ उडून छपरावर बसते आणि पहिल्या पावसात पन्हळीत उतरते. एखाद-दुसरं पिंपळाचं किंवा उंबराचं इवलंसं रोपही सापडेल, पाखरांनी आणलेलं. ते तिथल्या तिथे मुळासकट काढून टाक, उद्यावर ठेवू नकोस.

हा कागद हीच तुझी खरी माहितीपत्रिका. कारण प्रत्येक जाळीचं एकेका गोष्टीशी जमतं आणि दुसरीशी वैर असतं. पाच-सहा मिलिमीटरच्या भोकांची साधी जाळी किंवा भोकं पाडलेली पट्टी आंब्या-फणसाच्या पानांना उत्तम अडवते, पण चिंचेची पानं आणि मोहराच्या काड्या तिच्यातून सरळ आत जातात. समुद्रकाठच्या घरांवर सुरूच्या काड्या पडतात, त्या तर भोकांत उभ्या अडकून बसतात आणि चिमट्याने काढाव्या लागतात. स्टीलची अगदी बारीक विणीची जाळी काहीच आत जाऊ देत नाही, म्हणून ती सगळ्यात महाग आणि सगळ्यात चांगली म्हणून दाखवतात. पण तुझ्याकडे आंबा छपरावर ओणवलेला आहे, मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा खाली गळतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि वरून ही लाल धूळ, म्हणजे ती बारीक वीण दोन महिन्यांत लिंपून निघेल. पन्हळीत बसवायचा फोम मिळतो, तो तर आपल्याकडच्या दमट हवेत घेऊच नकोस. त्यात पाणी आणि माती धरून राहते आणि वर्षाच्या आत त्याच्यावर शेवाळ आणि रोपं उगवतात. बाटल्या धुवायच्या ब्रशच्या जातीचे लांब ब्रशही येतात, ते सहज बाहेर काढून झटकता येतात हा त्यांचा गुण, पण काड्या त्यांच्या केसांत गुंततात.

आणखी एक प्रकार त्या मुलाने तुला दाखवला, पन्हळीवर पूर्ण झाकण आणि पुढची कड आत वळलेली. पाणी त्या वळणाला चिकटून आत जातं आणि पान पुढे घसरून खाली पडतं, अशी ती युक्ती. युक्ती खोटी नाही. पण ती अमेरिकेतल्या डांबरी पट्ट्यांच्या, उतरत्या पण बिनखाचांच्या छपरांसाठी निघालेली आहे, तिथे पाणी पातळ थराने सगळ्या छपरावरून सारखं उतरतं. आपल्या मंगलोरी कौलाला खाचा असतात. (१८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून ती कौलं किनाऱ्याने वर वर येत गेली, आणि आता आपलीच वाटतात.) त्या खाचांतून प्रत्येक कौलाची वेगळी धार पडते, जोराने पडते, आणि आषाढातल्या सरीत ती धार त्या वळणाला न जुमानता पार अंगणात जाते. म्हणून कौलारू घरावर मला ते झाकण नको वाटतं. आणि जाळी कुठलीही असो, तिची मागची कड शेवटच्या कौलाखाली कोंबू देऊ नकोस, बसवणाऱ्याला तसं सोपं जातं म्हणून तो तेच करायला बघेल. कौल रिपेवर नीट टेकलेलं असतं, ते जरासं जरी उचललं गेलं तरी वाऱ्याबरोबर पाणी उलटं आत शिरतं आणि वाशाचं टोक कुजायला लागतं. जाळी पन्हळीच्या दोन काठांवर बसली पाहिजे, घराच्या अंगाची कड थोडी उंच आणि बाहेरची खाली, म्हणजे सुकलेली पानं वाऱ्याने आपोआप घसरतात.

तर मग कुठली घ्यायची, असं तू विचारशीलच. तुझ्या घरापुरतं माझं मत सांगते: भोकं पाडलेली, जराशी जाड, तीन-तीन फुटांच्या सुट्या तुकड्यांत येणारी अॅल्युमिनियमची पट्टी, भोकं तीन-चार मिलिमीटरची. थोडी चिंच आणि थोडा मोहर आत जाईल, जाऊ दे; तो पाण्याबरोबर वाहून पाइपाच्या तोंडापर्यंत येईल आणि तिथे त्याची सोय करता येते. प्लास्टिकची स्वस्त जाळी दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकते, शिवाय तुमच्याकडे माकडं येतात. ती छपरावरून आंब्यावर उडी मारताना पन्हळीच्या काठावरच पाय देतात, आणि हाताला लागेल ते उपटून बघणं हा त्यांचा स्वभाव. म्हणून पट्टी नुसती खोचलेली नको, स्क्रूने किंवा आकड्याने धरलेली हवी, पण स्क्रू असा की तुला हाताने सोडवता येईल. समुद्र तुमच्यापासून फार लांब नाही, खारा वारा येतो, तेव्हा गॅल्व्हनाइझच्या पत्र्याच्या पन्हळीवर स्टीलची जाळी ठेवू नका. दोन धातू खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की त्यातला जास्त क्रियाशील धातू आधी खाल्ला जातो, आणि पन्हळीचा जस्ताचा मुलामा गेला की गंज लागायला वेळ लागत नाही. तुमची पन्हळ पीव्हीसीची आहे म्हणून ती चिंता नाही. स्क्रू मात्र चांगल्या स्टीलचे घे, ३१६ नंबरचे मिळाले तर तेच. थोडे महाग पडतात, पण गंजलेला स्क्रू उंचावर सोडवत बसण्यापेक्षा परवडतात.

जाळीच्या आधी पन्हळीचा उतार बघायचा आहे, तो उलटा असेल तर सोन्याची जाळीही कामाची नाही. दहा फुटांना अर्धा इंच उतार पुरे. चाळीस फुटांना एकाच टोकाला पाइप देण्यापेक्षा मधोमध उंच ठेवून दोन्ही टोकांना चार-चार इंचाचे पाइप द्या, म्हणजे एकेका पाइपावर निम्मंच पाणी येईल. पन्हळ धरणारे आकडे दोन-दोन फुटांवर असू देत, लांब टाकले की मध्ये पोट सुटतं. पाऊस यायच्या आधी मधोमध बादलीभर पाणी हळूहळू ओत आणि अर्ध्या तासाने बघ, कुठे डबकं राहिलं आहे का. जिथे पाणी साचतं तिथे आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, आणि डेंगीच्या डासाला तर असं थोडं, स्वच्छ पाणीच आवडतं. वर जाळी असली म्हणून तो थांबत नाही, उलट झाकल्यामुळे आपल्यालाच ते दिसत नाही. तुमच्याकडे लहान मूल यायचं आहे, म्हणून हे दोनदा सांगते.

पाइपाच्या तोंडाशी बसवायचा तारेचा गोळा मिळतो, फुगीर, मुठीएवढा. सगळ्या सामानात तो सगळ्यात स्वस्त, आणि मला विचारशील तर आज लगेच घेण्यासारखी गोष्ट तेवढीच. सपाट जाळी तोंडावर ठेवली तर एक पान तिला बंद करतं. हा गोळा वर आलेला असल्यामुळे खाली पानं साचली तरी वरच्या अंगाने पाणी आत जात राहतं.

बाकीची खरेदी मात्र यंदाचा एक पावसाळा जाऊ देऊन कर. एवढीच माझी विनंती. त्या पट्टीचे फक्त दोन तुकडे विकत आण (एवढं सुटं देत नसेल तर दुसरं दुकान बघ), ते आंब्याच्या खालच्या कोपऱ्यात लाव, शेजारची पन्हळ उघडी ठेव, आणि दोन्हींकडे बघत राहा. रात्री जोराची सर येऊन गेली की सकाळी उजाडताच, झाडलोट व्हायच्या आत, घराभोवती एक फेरी मार. पन्हळ भरून वाहिली असेल तर खालच्या मातीत ओळीने बारीक खळगे पडलेले दिसतात, आणि जोत्याच्या पांढऱ्या चुन्यावर लाल शिंतोडे उडालेले असतात. ते शिंतोडे किती उंच गेलेत ते बघ, खळगे नेमके कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते बघ, आणि त्या जागी भिंतीवर खडूची खूण कर. नऊ वाजले की हे सगळं पुसलं जातं. म्हणून तर मी तुला लहानपणापासून पहाटे उठवत आले. आपल्याकडे पानगळ परदेशासारखी एका ऋतूत आटपत नाही: माघात मोहर, फाल्गुन-चैत्रात पानं, वळवाच्या वाऱ्यात काटक्या, श्रावणात शेवाळ. हे सगळं एकदा डोळ्यांखालून गेलं की दिवाळीनंतर तू त्या मुलाला स्वतःच सांगशील की मला कुठल्या बाजूला किती फूट पट्टी हवी. तोपर्यंत सूट गेली तर जाऊ दे. नको तिथे लावलेल्या तीस फूट जाळीचे पैसे त्या सुटीपेक्षा कितीतरी जास्त असतात.

छपरावर आलेली आंब्याची फांदी मात्र या वर्षी आंबे उतरले की छाटून घे. झाड तोडायचं नाही, हे तुला सांगायला नको; त्याची फळं तुझ्या आईने खाल्ली आहेत. फक्त छपरावर आलेल्या तेवढ्या फांद्या, कडेपासून पाच-सहा फूट मागे. पाचोळा निम्म्याने कमी होईल, माकडांची उडीही जराशी लांबेल.

आता शिडीचं. पन्हळ वर्षातून तीनदा साफ करायची: दिवाळीनंतर एकदा, मृगाच्या आधी मेअखेरीस नीट, आणि श्रावणात उघडीप मिळाली की एकदा. शिडी बांबूचीच वापरा, कारण खांबावरून घराकडे येणारी विजेची तार तुमच्या पुढच्या वळचणीजवळूनच जाते, आणि अॅल्युमिनियमची शिडी हलवताना ती तारेला लागली तर काय होईल ते मला लिहवतही नाही. त्या टोकाला काम असेल तर वायरमनला बोलावून पुरवठा बंद करून घ्या. खाली शिडी धरायला माणूस हवाच, आणि पावसात, ओल्या शेवाळावर, कितीही पाणी गळत असलं तरी कुणी चढायचं नाही. गळू दे, खाली पातेलं ठेवा. जावईबापूंना हे माझ्या नावाने सांग. ते उत्साही आहेत, मला आवडतात म्हणूनच सांगते.

टाकीत पाणी साठवायचा तुमचा बेत मला फार आवडला. एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागतो तेव्हा त्या पाण्याची किंमत कळेल. मात्र जाळीमुळे पाणी शुद्ध होतं असं धरून चालू नका. छपरावर पाखरांची विष्ठा आणि खाणीची धूळ असते, म्हणून पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी टाकीत जाऊ न देता बाहेर सोडायला पाइपाला एक वेगळा फाटा आणि झडप ठेवा. ते काम प्लंबर अर्ध्या दिवसात करतो. वापरायचं ते धुण्याभांड्याला आणि झाडांना. प्यायचं असेल तर गाळून उकळून.

गाळ वाळवून झाला की त्यात काय काय निघालं ते मला कळव, आणि जमलं तर त्या कागदाचा फोटो पाठव, तुझा मामा मला मोठा करून दाखवेल. पन्हळीचं माप घेताना दोन्ही काठांमधलं अंतर आतून आणि बाहेरून असं दोन्ही घे, दुकानदार तेच आधी विचारतो. बांबूची शिडी आपल्या जुन्या घराच्या माळ्यावर आहे, एक पायरी सैल झाली असेल ती सुतळीने आवळून मगच ने. जावईबापूंना आशीर्वाद, आणि तू दुपारची थोडी पडत जा.

तुझी,
आजी